पडद्याला पाठ

शेठ सिनेमाच्या तंबूत अगदी पडद्याखाली बसायचे, पण पडद्याकडे पाठ करून. लोखंडी घडीची खुर्ची, गुडघ्यांवर दोन हात, डोक्याला काळी टोपी आणि तोंड आमच्याकडे. पाच-सहाशे माणसं मान वर करून सिनेमा बघताहेत, आणि हा एकटा माणूस त्या पाच-सहाशे माणसांना बघतोय. नवख्याला वाटायचं, चोरांवर नजर ठेवायला बसवलाय. जुने लोक सांगायचे, "नाय वो पावणं, तंबू त्यांचाच हाय."

नाव सांगत नाही. त्यांचे मुलगे अजून मंचरला आहेत, आता पत्रेही विकतात, आणि माझ्या मुलाच्या घराच्या पत्र्यांची त्यांच्याशीच बोलणी चालली आहेत.

बावीस वर्षं मी त्यांची भाडेकरू होते. खाली त्यांची कांदा-बटाट्याची आडत, वर माझ्या दोन खोल्या. पणजोबा राजस्थानातून आले होते म्हणे, पण शेठना मारवाडी माझ्याइतकीच यायची, म्हणजे अजिबात नाही. जन्मभर त्यांनी कांदा-बटाटा विकला आणि जन्मात एकदाही तो खाल्ला नाही. कांदा हातात घेऊन ते त्याचं वय सांगायचे, चव मात्र मला विचारायचे. "बाई, ह्या वर्साचा गोड लागतो का उग्र?" मी सांगितलं की तेच गिऱ्हाइकाला सांगायचे. त्या भागातल्या कांद्याच्या कीर्तीत माझ्या जिभेचा वाटा आहे, हे कोणाला ठाऊक नाही.

तंबू हा त्यांचा दुसरा संसार. पौष ते वैशाख, जिथं जत्रा तिथं तंबू. आडत मुलांवर टाकून ते टेम्पोत बसून निघायचे. जेवण दिवस मावळायच्या आत, तेही घरून आलेलं. आणि गंमत म्हणजे, स्वतःच्या तंबूतला एकही सिनेमा त्यांनी धड पाहिलेला नव्हता. "पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडावर पडतो," म्हणायचे, "तेवढा मला पुरतो."

त्या उजेडात ते काय काय वाचायचे. खोकला सुरू झाला म्हणजे गोष्ट मेली. हसण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण हसायला शेजारच्याचा आधार लागतो. त्यांची खरी परीक्षा म्हणजे डास. "ज्या सीनला माणूस डास मारायचं विसरतो, तो सीन खरा." मग जरा थांबून, "डासाचंबी तेवढंच कल्याण."

एकदा राजुरीच्या जत्रेत त्यांनी एक सिनेमा लावला होता. चार दिवसांनी मंचरला परत आल्यावर मला सांगितलं, लई दुःखी हाय, मध्यंतरानंतर कुणीतरी मरत असणार. मी तो पाहिलेला. अख्ख्या सिनेमात दोन जावई एका सासऱ्याला फसवतात, बाकी काही नाही. मी तसं सांगितलं तेव्हा उलगडा झाला. चार दिवस एक बाई रोज येऊन खांबाजवळ बसत होती आणि पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत रडत होती. तिच्यावरून त्यांनी सिनेमा ठरवला होता. पुढच्या वर्षी राजुरीला त्यांनी खांबाजवळची ती जागा दोरी लावून राखून ठेवली. ती बाई आली. सिनेमा कुठला आहे, हे तिनं विचारलंही नाही. "तिला घरात रडायला अंधार मिळत नसंल," शेठ म्हणाले. ती दोरी नंतर बरीच वर्षं लागत होती.

आहुप्याला त्यांनी तंबू नेला ती गोष्ट ते स्वतःच हसत सांगायचे. तिथल्या देवराईतली वाळकी काडीसुद्धा कोणी उचलत नाही, त्यामुळे तंबूच्या खुंट्यासुद्धा मंचरवरून न्याव्या लागल्या. एवढं करून खेळ सुरू झाला, तर निम्मी माणसं पडद्याकडे पाठ करून मशीनमधून निघणारा उजेडाचा झोत बघत बसली. त्या झोतात चिलटं उडत होती, ती त्यांना पडद्यावरच्या नायकापेक्षा बरी वाटली. "जन्मात पहिल्यांदा मला लोकांच्या पाठी दिसल्या," शेठ म्हणायचे. "पण पाठीबी बोलतात, बाई."

ही खोड तंबूपुरती नव्हती. आमच्या शाळेच्या संमेलनाला मी त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून नेलं. मुलं नाचायला लागली तशी शेठनी स्टेजवरची खुर्ची उचलून फिरवली आणि मुलांकडे पाठ करून पालकांकडे बघत बसले. हेडमास्तरांना घाम फुटला. संपल्यावर शेठ मला म्हणाले, "तिसऱ्या रांगेत निळ्या साडीतली बाई व्हती. तिच्या पोरीला पुढल्या वर्षी पुढं उभी करा. आई मान लांब करून करून दमली." मी मान डोलावली. पुढच्या वर्षी ती मुलगी पुन्हा मागेच होती, कारण पुढची ओळ मी उंचीप्रमाणे लावत असे आणि उंचीपुढे मला आई दिसत नसे.

आता माझ्याविषयी थोडं, कारण ज्या प्रसंगामुळे शेठ मला कळले त्यात मी फार वाईट दिसते.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा साठीची कोवळी पोर होते. नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली, महिला भजनी मंडळाची अध्यक्ष, गावोगावच्या कार्यक्रमांत पहिल्या रांगेत. माझ्याइतकी समज त्या तालुक्यात कोणाला नाही, अशी माझी पक्की खात्री होती, आणि ती खोडायला कोणी पुढे येत नव्हतं, कारण निम्मा तालुका माझ्या हातचा मार खाऊन मोठा झाला होता. यजमान जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. शनिवारी सकाळी चांगले घरातून गेले होते, संध्याकाळी जीपमधून आणले. तेव्हा मी रडले नव्हते. देवाची इच्छा, असं मी भेटायला येणाऱ्यांना सांगत होते, आणि लोक एकमेकांना सांगत होते, बाईंची श्रद्धा बघा. ते ऐकायला मला आवडायचं. हे आज लिहिताना हसू येतं आणि जरा लाजही वाटते.

अवसरी बुद्रुकच्या पुढे, ज्या गावात मी शिकवलं, तिथं चैत्रात नाथांची जत्रा असते. शेठचा तंबू तिथं चाळीस वर्षं लागत होता. बाकीच्या गावांनी एकेक करून बोलावणं बंद केलं होतं, लोक मोबाइलवर सिनेमे बघायला लागले होते. मुलांनी शेठना सरळ सांगून टाकलं होतं, आता हे एक गाव राहिलंय, त्यांनी नको म्हटलं की तंबूचं कापड फाडून कांद्याच्या वखारीवर घालायचं. त्या वर्षी शेठ जत्रेच्या आठ दिवस आधीच गावात जाऊन बसले आणि खुंट्या स्वतः मोजत होते.

त्या गावाची एक रीत होती. तंबूचा पहिला खेळ देवाचा. दिवेलागणीला गुरव पडद्यासमोर पाट मांडायचा, त्यावर तांदूळ, नारळ, बाजूला समई. तो नारळ म्हणजे नाथ. नाथांनी मध्यंतरापर्यंत सिनेमा बघायचा, मध्यंतराला गुरव नारळ फोडायचा, सगळ्यांना खोबरं मिळायचं, आणि देव घरी गेले असं समजून लोक उरलेला अर्धा सिनेमा मोकळेपणी बघायचे. मारामारी, नाचगाणी सगळी मध्यंतरानंतर असावीत अशी गावाची इच्छा असायची.

त्या वर्षी शेठनी जो सिनेमा आणला त्यात उडणारा घोडा होता, बोलणारी नदी होती आणि एक देव होता. डोंगरावरचा हा देव नवसांना कंटाळून देऊळ सोडतो, तरण्या गड्याचं रूप घेतो आणि खाली गावात एका म्हातारीच्या शेतावर कामाला राहतो. वर लोक रिकाम्या दगडाला शेंदूर लावत राहतात. सिनेमा एका जुन्या कादंबरीवरून काढलेला. ती कादंबरी आमच्या शाळेच्या कपाटात होती. सुंदर हस्ताक्षराच्या स्पर्धेत मी ती तीन वेळा बक्षीस दिली होती. पुस्तकाला इतक्या वर्षांत कोणाचा आक्षेप नव्हता, कारण ते कोणी वाचलं नव्हतं. मीही.

देवाचा खेळ झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर मजकूर येऊन पडला. या सिनेमात एक बाई देवाच्या थोबाडीत मारते. शहरात कुठंतरी खेळ बंद पाडला. तुमच्या गावात हे चालू देणार का?

जत्रा कमिटीचा अध्यक्ष माझा विद्यार्थी. सकाळी आठला त्याची गाडी माझ्या दाराशी आली, मला बसवून तो गावात घेऊन गेला आणि देवळाच्या पायरीवर माझ्यापुढे कोरे कागद ठेवले.

"बाई, निवेदन द्यायचंय पोलिसांना. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?"

"तू पाहिलास का रे काल?"

"मी पाण्याच्या टँकरच्या मागं व्हतो. तुमी?"

"मी कशाला बघू असले सिनेमे," मी म्हटलं आणि पेनाचं टोपण काढलं.

काय लिहिलं मी त्या दिवशी. वेलांट्या अशा की फ्रेम करून लावाव्यात. 'सदर चित्रपटामध्ये ग्रामस्थांच्या श्रद्धास्थानाची घोर अवहेलना करण्यात आलेली असून तो आमच्या देवासमोर दाखविला जाणे अत्यंत क्लेशदायक आहे. सबब सदर तंबू तात्काळ बंद करण्यात यावा.' एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पानावर चार ओळींची जागा उरली होती, आणि उरलेली जागा मला कधी बघवली नाही. मी पुढे लिहिलं, 'तंबूमालक अन्य धर्माचे असल्याने त्यांस ग्रामस्थांच्या भावनांची जाण असण्याची अपेक्षा करता येत नाही.' हे मी त्या माणसाविषयी लिहिलं, ज्यानं यजमान गेले त्या दिवशी आडत बंद ठेवली होती आणि तेरा दिवस माझ्या दारात, जिन्याच्या खालच्या पायरीवर, येणाऱ्यांना पाणी देत बसला होता. वाक्य लिहून झाल्यावर मी ते लांब धरून पाहिलं. वळणदार आलं होतं. पहिली सही माझी, लफ्फेदार. मग कमिटीतले लोक तो कागद घेऊन सह्या गोळा करायला गावभर गेले.

अध्यक्ष म्हणाला, "बाई, पोलीस विचारतील नेमकं कुठं कुठं काय वाईट हाय. दुपारी बायकांचा खेळ हाय. तेवढ्या नोंदी करून आणा. संध्याकाळच्या खेळाआधी कागद ठाण्यात गेला पायजे."

म्हणून मी दुपारी दोन वाजता वही, पेन आणि छोटी बॅटरी घेऊन तंबूत गेले. चैत्रातलं ऊन, आतून काळं कापड, वरून कापडावर पाण्याच्या बादल्या मारत होते. शेठ दारातच होते. "या बाई," म्हणाले, आणि मला मधल्या रांगेत, पंख्याच्या बरोब्बर समोर नेऊन बसवलं. माझ्या हातातली वही त्यांनी पाहिली. मग पडद्याखाली जाऊन, आमच्याकडे तोंड करून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

माझ्या शेजारी सोनाबाई येऊन बसली. वयानं माझ्याएवढीच, माझ्या शाळेला लागून तिचं शेत. तिचा थोरला मुलगा कालव्यात गेला त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. मोटर काढायला उतरला होता.

"काय लिवताय बाई?"

"चुका."

"कुणाच्या?"

"सिनेमाच्या."

"लिवा," सोनाबाई म्हणाली. "मला पंख्याची हवा येऊ द्या मंजी झालं."

मध्यंतरापर्यंत मी अकरा नोंदी केल्या. देव अनवाणी दाखवला आहे. देवाचं धोतर आखूड आहे. देव बिडी ओढणाऱ्याशेजारी बसतो. देवाला भाकरी थापता येत नाही आणि म्हातारी त्याला हसते. बाकीच्याही अशाच. दर नोंदीला मी बॅटरी लावायचे आणि मागून कोणीतरी म्हणायचं, "ओ बाई, इझवा की ते." ज्यांना मी अंधारात कुजबुजल्याबद्दल छड्या मारल्या होत्या, त्याच मुली आता लेकुरवाळ्या होऊन मला दटावत होत्या.

मध्यंतरानंतर लगेच ती थोबाडीत आली. तोवर कळलं होतं की म्हातारी डोंगरावर नवस फेडायला गेली, त्याच दिवशी खाली तिचा मुलगा नदीत बुडाला होता. आणि आता तिला कळतं की तिच्या अंगणात भांडी घासणारा हा गडी म्हणजे तोच, ज्याच्या पायाशी ती त्या दिवशी नारळ वाहत होती. ती काही बोलत नाही. जवळ जाते आणि त्याच्या तोंडात मारते. तोही काही बोलत नाही. खाली बसतो आणि उरलेली भांडी घासायला घेतो.

तंबूत पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता.

सोनाबाई अगदी साध्या आवाजात, शेजारणीकडे विरजण मागावं तशी, म्हणाली, "आणखी एक दे. माझ्या वाटणीची."

फाड् असा आवाज आला. मला वाटलं पडद्यावर दुसरी बसली. पण पडद्यावर देव भांडी घासत होता. आवाज माझ्या मांडीवरून आला होता. माझा उजवा हात, ज्यात पेन होतं तो, मांडीवर इतक्या जोरात पडला होता की पेन कुठंतरी रांगेखाली गेलं होतं आणि तळवा चुणचुणत होता. एकोणीस वर्षं देवाची इच्छा, देवाची इच्छा म्हणणारी बाई ती.

मी वर पाहिलं तेव्हा शेठ माझ्याकडे बघत होते. सबंध तंबूत त्यांना माझंच तोंड दिसत असावं तसे. आणि मग त्यांनी एक गोष्ट केली, जी मी आधी किंवा नंतर कधी पाहिली नाही. त्यांनी मान खाली घातली, आणि सिनेमा संपेपर्यंत ते स्वतःच्या चपलेकडे बघत बसले.

पाच वाजता देवळाच्या सभामंडपात कमिटी बसली. पंधरा-वीस माणसं, अध्यक्षाच्या हातात कागद, मागं जोडलेल्या पानांवर त्रेचाळीस सह्या आणि अंगठे. शेठनाही बोलावलं होतं. ते खांबाला टेकून बसले, आणि माझ्याकडे बघत नव्हते.

"बाई, वाचा नोंदी."

मी वाचल्या. देव अनवाणी, इथं एकानं गाभाऱ्याकडे बघून विचारलं, आपले नाथ कुठं चपला घालतात? धोतर आखूड, भाकरी येत नाही, असं करत अकरा झाल्या. वाचताना मला माझंच हसू यायला लागलं होतं, पण मी चष्मा पुसला.

"बारावी? थोबाडीत कुठंय?"

"ती लिहिली नाही."

"का बरं?"

खोटं बोलायचं म्हणजे पेन पडलं असं सांगता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण मी म्हणाले, "बघत राहिले."

अध्यक्षाला हे पुरेसं वाटलं नाही. तो मला घाबरत असे, तरी उठून उभा राहिला. "ते जाऊ द्या. पण आपल्या नाथासमोर हे दाखवणार का? ह्या कागदात तेच लिवलंय. देवासमोर नको."

"दाखवलं की," कोपऱ्यातून गुरव म्हणाला.

"मध्यंतरापर्यंत, मामा. थोबाडीत नंतर हाय. नाथसाहेबांनी ती नाय बघितली."

सगळ्यांना जरा हायसं वाटलं. कोणीतरी म्हणालं, बरोबर, नारळ फुटला की देव घरी. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की गुरव खाली बघतोय. कोणीतरी विचारलं, "मामा, काल खोबरं कुणाला मिळालं का?"

कोणालाच मिळालं नव्हतं.

"शेठ, तुमी तर समोरच बसलेले. नारळ कवा फोडला?"

शेठ म्हणाले, "मी लोकांकडं बघतो. नारळाकडं कशाला बघू."

आता नारळ लोकांच्या पुढे, शेठच्या पायांपासून तीन हातांवर असायचा. इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच खोटं बोलताना दिसले. गुरवाला ते सोसलं नाही. तो उठला. जत्रेचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरात होता, आणि रीत मोडली तर तो भावकीतल्या दुसऱ्या घराकडे जायला वेळ लागला नसता.

"इसरलो," तो म्हणाला. "कोयता हातात घेऊन उभाच राह्यलो. म्हातारीला कळतंय का नाय, कळतंय का नाय, ह्याच्यातच ऱ्हायलो. मध्यंतराचा दिवा लागला कवा आन् इझला कवा, मला कळलं न्हाई. सिनेमा संपला तवा नारळ तसाच पाटावर. नाथांनी समदा बघितला."

"थोबाडीतबी?"

"म्या बघितली मंजी त्यांनीबी बघितली."

गाभाऱ्याकडे सगळ्यांनी एकेकदा पाहिलं. नाथ रोजच्यासारखेच होते. शेंदूर, चांदीचे डोळे, कपाळाला अबीर.

अध्यक्षानं हातातल्या कागदाकडे पाहिलं. "मग आता ह्याचं काय करायचं? देवासमोर नको म्हणून लिवलंय, आन् देवानं तर आधीच बघितलाय. ठाण्यातला साहेब हसंल आपल्याला."

"फाडून टाक," मी म्हटलं.

"त्रेचाळीस सह्या हायेत, बाई. ऊन डोक्यावर घेऊन घरोघर फिरलेत लोक. वाया घालवायच्या?"

आमच्याकडे सही ही काही फुकट गोष्ट नाही. अंगठा देताना माणूस जन्मपत्रिका दिल्यासारखा देतो. खल झाला. शेवटी असं ठरलं की सह्यांची पानं तशीच ठेवायची, वरचं पान तेवढं बदलायचं. एकदा गोष्ट गावभर झाली म्हणजे संध्याकाळच्या खेळाला आसपासच्या वाड्यांवरूनही माणसं येणार, हे उघड होतं. म्हणून मी देवळाच्या पायरीवर बसून, उसन्या पेनानं, नवं पान लिहिलं. 'सदर चित्रपटास मोठ्या प्रमाणावर गर्दी होण्याची शक्यता असल्याने बंदोबस्तासाठी एक हवालदार मिळावा, ही विनंती.' जागा पुष्कळ उरली. मी ती उरू दिली.

त्या संध्याकाळी हवालदार आला, आणि तंबूच्या कनाती तीन बाजूंनी वर गुंडाळाव्या लागल्या, इतकी माणसं होती. मान गुरवाकडेच राहिला. तंबू त्या गावात आणखी चार जत्रा लागला, शेठचे गुडघे गेले तोवर. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. पण हे सगळं नंतरचं. मी अजून पायरीवर आहे, पान लिहून झालं आहे, आणि अध्यक्ष ते जुन्या सह्यांच्या पानांवर ठेवून टाचणी लावतोय.

"शेठ," तो म्हणाला, "तंबू तुमचा. तुमचीबी एक सही घ्या यात. साहेबाला बरं वाटंल."

"माझी हाय त्यात," शेठ म्हणाले. "सकाळीच केलीय."

अध्यक्षाला वाटलं ते चेष्टा करताहेत. मी त्याच्या हातातून कागद घेतला आणि पान उलटलं. पहिली सही माझी. तिच्या खाली, दोन नंबरला, आडतीच्या पावतीवर असायची तशी, शेठची.

"जत्रंचा कागद निघाला की दुसरी सही तंबूवाल्याची," ते म्हणाले. "चाळीस वर्सांची सवय. आले लोक, माझ्यापुढं पान धरलं. त्यांच्याबी ध्यानात न्हाई आलं, मी कोण ते."

"आणि तुम्ही केलीत? वाचलं नाहीत?"

"वाचलं. सही केल्यावर." टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. "वरती तुमचं अक्षर दिसलं, बाई. म्हटलं, तुमी लिवलंय मंजी नीटच असणार."

मी उलटलेलं पान सरळ केलं. शेठनी नवं पान माझ्या हातून घेतलं, उजेडाकडे धरून सावकाश वाचलं, आणि टाचणी नीट बसली आहे का ते बघून अध्यक्षाकडे दिलं.

"सकाळच्या कागदाचं अक्षर यापेक्षा सुबक व्हतं," ते मला म्हणाले, आणि तंबूच्या कापडावर पाणी मारायला निघून गेले.